गिरणगाव : जागा न सोडता झालेले विस्थापन

चांदूर रेल्वे या गावनावातच कापसाची वाट दडलेली आहे. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात व गिरण्यांत थेट उतरू लागला. त्यामुळे गिरणगावाचे साहित्य वऱ्हाडातील अभ्यासकाने परके मानण्याचे कारण नाही.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधन वर्ग येतो, जागांचे भाव चढतात आणि मूळ रहिवाशांना वस्ती सोडावी लागते. या प्रक्रियेला रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात ‘जेन्ट्रिफिकेशन’ म्हटले. मराठीत तिला ‘उच्चभ्रूकरण’ म्हणता येईल. शब्द कानाला खटकतो, परंतु येथे सोयीसाठी स्वीकारला आहे.

गिरणगावात मात्र क्रम निराळा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर प्रथम काम गेले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, परवडणारी घरे व मालक असे साधारण तीन वाटे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पुढे मनोरे उठले. अनेकांनी पागडीची खोली सोडून दूरची उपनगरे गाठली. पण भाडेनियंत्रणामुळे कित्येक कुटुंबांची खोली टिकली. गेली ती खोलीभोवतीची वस्ती. भोंगा, पाळी, उधारीचे दुकान, खानावळ यांनी बांधलेला दिनक्रमच नाहीसा झाला. ‘घर सोडावे लागणे’ ही विस्थापनाची कसोटी येथे म्हणूनच अपुरी पडते.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचे मोल या संदर्भात ध्यानात येते. चाळीतील एका खोलीत आई व तिची वाढलेली मुले आहेत. नवश्रीमंत तेथे अवतरत नाहीत. तरीही घर आतून विस्कटत जाते. उच्चभ्रूकरणाची पूर्वतयारी रहिवाशांच्या मोडण्यातून कशी होते, हे नाटककाराने मनोरे उभे राहण्यापूर्वीच टिपले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाचे शीर्षकही बोलके आहे. फिनिक्स गिरणीच्या जागी खरेदीसंकुल उभे राहिले. मिथकातील पक्षी राखेतून पुन्हा तोच होऊन उठतो, येथे मात्र पिसारा मिरवणारा दुसराच उठला.

लोअर परळमधील सदनिका विकताना बांधकाम व्यावसायिकांनी या भागाला ‘अप्पर वरळी’ म्हणण्यास आरंभ केला. चाळीत येणाऱ्या पत्रांवर लोअर परळच राहिले.