25 यू.पी. आणि मोहाचं झाड

देशी दारूच्या बाटलीवर '25 यू.पी.' छापलेलं असतं. यू.पी. म्हणजे 'अंडर प्रूफ'. संपादकांना गोंदियाच्या मोहाच्या दारूवर लेख हवा होता. मी अडकलो या आकड्यात.

ब्रिटिश काळात गोंदिया मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात. भागाभागाचा दारूचा मक्ता लिलावात जायचा, मक्तेदाराच्या भट्ट्या गावोगाव पेटायच्या. पुढे सरकारनं गाळप मोजक्या कारखान्यांत कोंडलं आणि गॅलनमागे कर बसवला. पण मक्तेदारानं कर भरून मग पाणी ओतलं तर? त्यावर उतारा होता साइक्सचा हायड्रोमीटर, ब्रिटनमध्ये 1816 साली कायद्यानं मान्य झालेला.

पितळी गोळा, वर आकडे कोरलेली चपटी दांडी, खाली वजनं अडकवायची सोय. वजनं नऊ, 10 ते 90. गोळा नेमका तरंगेल असं वजन लावायचं, त्यात दांडीवरचा आकडा मिळवायचा, तापमान बघून कोष्टक उघडायचं. 57.1 टक्के मद्यार्क म्हणजे पूर्ण प्रूफ. त्याहून 25 टक्के उणं, म्हणजे बाटलीवरचे 42.8. चोख काम! देशीवरचं उत्पादन शुल्क आजही प्रूफ लिटरवरच आकारतात.

मात्र माल पिपात आला तरच हे जमतं. मोहफूल चैत्रात पहाटे पडतं, देवरी-सालेकसाच्या जंगलात बाया ते टोपल्यांत वेचतात. वाळलेलं फूल भिजवून चार-पाच दिवस आंबवायचं, चुलीवर गाळायचं. गोंडांच्या देवाला, जन्म-मरणाला हीच दारू लागते. तिचं प्रूफ कोण काढणार? मुंबई इलाख्यात सरकारनं मग फुलावरच हात टाकला: 1892 चा मोह कायदा, ठाणे-कुलाब्यासाठी.

आपल्या महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदाही त्याच वळणाचा. 2021 मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरचे, वाहतुकीवरचे निर्बंध उठले. फूल विका, ठेवा, गाळू मात्र नका. पोलीस येतात, आंबवलेला सडवा ओततात, गुन्हा नोंदवतात. हातभट्टीनं घरं बुडतात, हे खोटं नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासूनची दारूबंदी बायांच्याही रेट्यानं आली. पण गोंदियात परवान्याचं दुकान उघडंच असतं आणि तिथली देशी बहुतेक उसाच्या मळीची. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मोहाची गाळायला मुभा आहे, बचत गटांना 'हेरिटेज' म्हणून विकायलाही. सीमेअलीकडे मात्र त्याच फुलाचा सडवा ओततात.