विकासाच्या मोजमापात तरुणांचा वाटा

विकासाची कोणतीही योजना घेतली, तरी तिच्याबाबत दोन प्रश्न उपस्थित होतात. ठरविलेले काम ठरल्याप्रमाणे झाले किंवा नाही, हा पहिला प्रश्न. आणि ज्यांच्यासाठी ते काम हाती घेतले त्यांच्या जीवनात त्यामुळे काही फरक पडला किंवा नाही, हा दुसरा. गावात विहीर खोदून पूर्ण झाली, ही पहिल्या प्रश्नाची नोंद होय. त्या विहिरीला वैशाखात पाणी राहते काय आणि गावातील प्रत्येक वस्तीला ते भरावयास मिळते काय, याचा शोध घेणे हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय. योजनेच्या वाटचालीवर सतत लक्ष ठेवण्याच्या कामास संनियंत्रण आणि तिच्या फलिताचा हिशेब घेण्याच्या कामास मूल्यमापन असे म्हणतात.

ही दोन्ही कामे दीर्घकाळ तज्ज्ञांची मानली जात. परंतु गेल्या दोन दशकांत आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील अनेक विकसनशील देशांत या कामात एका नव्या घटकाने प्रवेश केला आहे. हा घटक म्हणजे स्थानिक तरुण स्वयंसेवक. विशेषतः बालकांच्या शिक्षणाच्या क्षेत्रात या तरुणांनी गोळा केलेल्या माहितीने शासनाचे, शिक्षणतज्ज्ञांचे व आंतरराष्ट्रीय संघटनांचे लक्ष वेधून घेतले. या कार्यपद्धतीची सुरुवात भारतात, आणि तीही मुंबईत जन्मलेल्या एका संस्थेकडून झाली, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे.

पटावरील नावे आणि पाटीवरील अक्षरे

१९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद भरली. पुढे २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने जी सहस्रक विकास उद्दिष्टे ठरविण्यात आली, त्यांतही २०१५ पर्यंत प्रत्येक मुलामुलीचे प्राथमिक शिक्षण पूर्ण व्हावे, हे एक उद्दिष्ट होते. त्यानुसार देशोदेशी शाळा उघडल्या गेल्या, शिक्षक नेमले गेले आणि पटावरील संख्या वाढली. आपल्या देशात २००९ मध्ये शिक्षण हक्काचा कायदा संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला.

पटावरील संख्या मोजणे सोपे असते. परंतु शाळेत दाखल झालेले मूल वाचू लागले काय, हे त्या संख्येवरून कळत नाही. शाळेतील परीक्षा हजर असलेल्या मुलांचीच होते. गैरहजर राहणारी आणि शाळा सोडलेली मुले तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय लेखी परीक्षेत एक मूलभूत अडचण आहे. ज्या मुलाला प्रश्नच वाचता येत नाही, त्याची उत्तरपत्रिका कोरी राहते. ते मूल नापास झाले एवढेच त्यावरून समजते. ते अक्षरांपाशी अडले, शब्दांपाशी अडले की वाक्यापाशी, हे समजत नाही. आणि जेथे अडले ते ठिकाण ठाऊक नसेल, तर उपाय तरी कशावर योजावयाचा?

‘असर’ची योजना

१९९० नंतरच्या दशकात मुंबईतील झोपडपट्ट्यांतून बालवाड्या चालविण्याचे काम ‘प्रथम’ या संस्थेने सुरू केले. त्याच संस्थेने २००५ मध्ये ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची व गणिताची घरोघरी जाऊन पाहणी करण्याचे ठरविले. या पाहणीच्या वार्षिक अहवालाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून ‘असर’ हा शब्द तयार होतो, आणि परिणाम हा त्याचा अर्थ या उपक्रमाच्या हेतूशी चांगलाच जुळतो. २००५ ते २०१४ पर्यंत ही पाहणी दरवर्षी करण्यात आली. २०१६ पासून देशव्यापी मूळ पाहणी एक वर्षाआड करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. कोरोना साथीच्या काळात मात्र ती दूरध्वनीवरून घ्यावी लागली.

या कामाचा आवाका २०२४ च्या पाहणीवरून ध्यानात येईल. त्या वर्षी ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील १७,९९७ गावांत ६,४९,४९१ मुलामुलींपर्यंत पाहणीकार पोहोचले. हे पाहणीकार पगारी संख्याशास्त्रज्ञ नसतात. महाविद्यालयांतील विद्यार्थी, अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापक, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षणार्थी आणि स्थानिक सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यामधून ते येतात. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्याने आपले शिक्षण समाजाच्या उपयोगी लावावे, अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा येथे निराळ्या मार्गाने पूर्ण होताना दिसते.

दोन दिवसांचे काम

प्रत्येक जिल्ह्यात तीस गावे आणि प्रत्येक गावात वीस घरे, अशी निवड असते. म्हणजे एका जिल्ह्यातून सहाशे घरे होतात. गावांची निवड जनगणनेच्या यादीतून संख्याशास्त्रीय पद्धतीने केली जाते. सोयीचे, रस्त्यालगतचे किंवा ओळखीचे गाव घेण्याची मुभा स्वयंसेवकांना नसते. आधी जिल्हा पातळीवर त्यांचे प्रशिक्षण होते. त्यात एक दिवस प्रत्यक्ष गावात सरावासाठी राखलेला असतो.

एका गावासाठी दोन स्वयंसेवक जातात. प्रथम ते सरपंचांना किंवा गावातील जबाबदार व्यक्तींना भेटून कामाची कल्पना देतात आणि शाळा चालू असताना तिला भेट देतात. मग गावात फिरून, ग्रामस्थांना विचारून गावाचा नकाशा काढतात. नकाशात मुख्य गावठाणच नव्हे, तर वाड्या, पाडे व वस्त्याही दाखवावयाच्या असतात. त्यानंतर गावाचे चार भाग पाडून प्रत्येक भागातील पाच घरे निवडावयाची. भागाच्या मध्यापासून डाव्या हाताने निघून दर पाचवे घर घ्यावयाचे, असा साधा नियम असतो. घरभेटींसाठी शक्यतो सुटीचा दिवस निवडतात, कारण त्या दिवशी मुले घरी सापडतात.

निवडलेल्या घरातील ३ ते १६ वर्षांच्या प्रत्येक मुलाची माहिती घेतली जाते आणि ५ ते १६ वर्षांच्या मुलांची चाचणी होते. चाचणी तोंडी असते व एका वेळी एकाच मुलाची घेतली जाते. मुलाला प्रथम पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद वाचावयास देतात. तो सहज वाचता आला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट पुढे ठेवतात. अडखळल्यास सुटे शब्द, शब्दही न आल्यास सुटी अक्षरे. गणितातही हीच रीत आहे. दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली तर भागाकार. न जमल्यास अंकांची ओळख. पाचवीतील मूल असो वा आठवीतील, चाचणी हीच. मुलाला जी वरची पायरी निश्चितपणे येते, तिची नोंद करावयाची, एवढेच काम. सारे साहित्य एका कागदावर मावते. ओसरीवर बसून घेतलेली ही चाचणी आईवडिलांच्या डोळ्यांदेखत होते. ज्यांना स्वतःला लिहितावाचता येत नाही त्यांनाही तिचा अर्थ कळतो.

कसोटी स्वयंसेवकाची

ही पद्धती सोपी असली, तरी निर्धोक नाही. विचारणाऱ्याचा आवाज चढला की मूल गप्प होते. धाकट्याची चाचणी चालू असता थोरली बहीण हळूच उत्तर सांगते. शेजारपाजारचे लोक गोळा होऊन हसू लागतात. आठवीतील मुलगी परिच्छेदावर अडखळली, की स्वयंसेवकालाच तिची दया येते आणि एखादा शब्द सुचवावा असे वाटते. परंतु नेमके तेथेच त्याने स्वतःला आवरावयाचे असते. त्याने सुचविलेल्या एका शब्दाने मुलीची पायरी कागदावर वर चढते. प्रत्यक्षात ती होती तेथेच राहते, आणि तिला मदतीची गरज असल्याची एकमेव नोंद पुसली जाते.

दुसरा धोका वस्ती गाळण्याचा. ऊन झाले आहे, पाडा ओढ्यापलीकडे आहे, गावठाणात घरे भरपूर आहेत. मग वीस घरे येथेच पूर्ण का करू नयेत, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण पाडा गाळला तर ज्या मुलांपर्यंत शाळा सर्वांत कमी पोहोचते, तीच मुले हिशेबातून सुटतात आणि जिल्ह्याचे चित्र आहे त्याहून उजळ दिसते. बंद घराची नोंद ‘बंद’ अशीच करून पुढे जावयाचे, अंदाजाने रकाना भरावयाचा नाही, हा नियमही याच कारणासाठी आहे.

केवळ सदिच्छेवर विसंबून चालत नसल्याने तपासणीची व्यवस्था ठेवण्यात आली आहे. प्रशिक्षक काही गावांत पाहणी चालू असताना उपस्थित राहतात. भरलेल्या पुस्तिका तपासल्या जातात. काही घरांशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्यात येतो आणि काही गावांना पुन्हा भेट दिली जाते. थोडक्यात, मोजणाऱ्याचेही मोजमाप होते.

सीमेपलीकडील प्रसार

ही पद्धती भारतापुरती राहिली नाही. पाकिस्तानात याच नावाने पाहणी सुरू झाली. २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेतील केनिया, टांझानिया व युगांडा या देशांसाठी ‘उवेझो’ हा उपक्रम हाती घेण्यात आला. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ क्षमता असा आहे. पश्चिम आफ्रिकेत माली व सेनेगल, तर लॅटिन अमेरिकेत मेक्सिको या देशांनीही आपापल्या भाषांत व आपापल्या पाठ्यक्रमांना धरून चाचण्या तयार केल्या. २०१५ मध्ये या सर्व उपक्रमांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे सचिवालय केनियातील नैरोबी येथे आहे. या संघटनेने २०१९ मध्ये तेरा देशांत एकसमान गणित चाचणीही घेतली.

तंत्र श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे जाते, अशी आपली समजूत असते. येथे मात्र एका विकसनशील देशातील रीत दुसऱ्या विकसनशील देशांनी स्वतःहून स्वीकारली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत, मुले शाळेत आहेत एवढ्यावर न थांबता, दुसरी-तिसरीच्या टप्प्यावर त्यांना वाचन व गणित किती येते, हे मोजण्याची तरतूद झाली. अशा पाहण्यांनी या प्रश्नाची चर्चा आधीपासून जागती ठेवली होती.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत वर आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व अंकज्ञान यांना अग्रक्रम दिला होता आणि २०२१ मध्ये त्यासाठी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले होते. तथापि सुधारणेचा किती भाग कोणत्या कारणामुळे, हे केवळ अशा पाहणीवरून सांगता येत नाही. ताप किती आहे हे तापमापक सांगतो. तो का आला हे शोधण्यास वैद्यच हवा. तसेच वीस घरांवरून एखाद्या गावाची किंवा शाळेची प्रतवारी लावणे चुकीचे ठरेल. ही पाहणी ग्रामीण भागाची असल्याने शहरांतील मुलांविषयीही ती काही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. माहिती दिली की लोक आपोआप जागे होतात, असे घडतेच असे नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ग्रामस्थांना मुलांच्या वाचनाची स्थिती दाखवून दिल्याने शाळेच्या कारभारातील त्यांचा सहभाग वाढल्याचे आढळले नाही. केनियातील पालकांविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता. परंतु जौनपूरच्या ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याचे प्रशिक्षण देऊन वर्ग चालविण्यात आले, तेथे वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. वर्गांना येणारी मुले थोडी होती, हे खरे. तथापि मोजणे हे कामाचे पहिले पाऊल असून त्यापुढील पाऊल टाकल्यावाचून फळ हाती येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

दोन्ही बाजूंचा लाभ

तरुणांच्या सहभागाने खर्च कमी होतो, हा व्यावहारिक लाभ आहेच. स्थानिक तरुणाला गावाची बोली कळते, वाटा ठाऊक असतात आणि त्याला पाहून मूल बुजत नाही. परंतु याहून मोठा लाभ त्या तरुणाचा स्वतःचा आहे. नमुना कसा निवडावा, प्रश्न कसा विचारावा, दिसले तेच कसे लिहावे, याचे शिक्षण त्याला पुस्तकाबाहेर मिळते. उद्याचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या छात्राध्यापकास, पाचवीतील मूल अक्षरांपाशी अडलेले असू शकते, हे एकदा समक्ष पाहिल्यावर वर्गातील मागच्या बाकाचा विसर पडणे कठीण आहे.

मात्र स्वयंसेवक म्हणजे फुकटचा कामगार नव्हे, याचे भान योजकांनी ठेवले पाहिजे. त्यास पुरेसे प्रशिक्षण, प्रवासाची सोय, सुरक्षितता आणि आपल्या श्रमातून तयार झालेला अहवाल पाहावयास मिळण्याचा अधिकार असला पाहिजे. ज्या कुटुंबाची माहिती घेतली जाते, त्याची संमती व मुलाची प्रतिष्ठा यांनाही धक्का लागता कामा नये.

विकासाचा हिशेब राजधानीत जुळविला जातो, पण त्याची पहिली नोंद कोठल्या तरी ओसरीवर, एका मुलासमोर बसलेल्या तरुणाच्या हातून होते. ती नोंद खरी असेल, तरच वरचा सारा हिशेब खरा. ओढ्यापलीकडच्या पाड्यापर्यंत चालत जाण्याचे कष्ट जो घेतो आणि दिसले तेवढेच लिहितो, तो तरुण त्या पाड्यावरील मुलाला देशाच्या हिशेबात स्थान मिळवून देतो. महाविद्यालयांतील युवक-युवतींनी अशी संधी लाभल्यास ती अवश्य घ्यावी, आणि ग्रामस्थांनीही त्यांच्यासाठी दोन घटका काढून त्यांना खरी माहिती द्यावी.