हातपाय गार का पडतात?

हळदीच्या हिंगोली जिल्ह्यात शेतात, जळणात विंचू निघणे नवे नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी पॅथोफिजिऑलॉजीची उजळणी म्हणूनच विंचूदंशापासून सुरू करावी. नुसती पाठ केलेली लक्षणांची यादी ऐन वेळी आठवत नाही. कारण कळले की आठवते.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. मग ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर हाताशी वेळ फार थोडा असतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही साखळी ओळखून प्राझोसिन वापरले. १९८६मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा अनुभव छापला. ही गोळी वाहिन्या सैल करते, त्यामुळे रुग्ण एकदम उठला तर रक्तदाब घसरू शकतो. रुग्ण लघवीला जायचे म्हणतो, नातेवाईक त्याला उठवू लागतात. त्या वेळी खाटेजवळ डॉक्टर नसतात, सिस्टर असतात. भांडे खाटेवरच द्यावे. रक्तदाब पाहत राहावे, आणि गार पडलेले हात कोमट होताहेत का, तेही चाचपावे.