कासवीची नजर

दिवेआगरच्या पुळणीवर, सुरूच्या बनाला लागून, हिरव्या जाळीचं एक कुंपण आहे. आत वाळू, वाळूत रोवलेल्या काठ्या आणि प्रत्येक काठीला एक पाटी. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख आणि अंड्यांचा आकडा. काही काठ्यांपाशी वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या. मार्चातल्या भर दुपारी एवढंच दिसतं. आईने जाळीला तोंड लावून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाली, "अगं, इथे तर काहीच नाही."

सावलीत बसलेले एक गृहस्थ उठून आले. "मावशी, तुमच्या पुढ्यात हजारभर जीव झोपलेत. जरा हळू बोला." मग स्वतःच समजुतीने हसले. "बोललात तरी चालेल. पण जाळी हलवू नका."

हे इथले कासवमित्र. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या अंड्यांवर राखण करणाऱ्यांना या किनाऱ्यावर याच नावाने ओळखतात. वय पन्नाशीचं, अंगात खाकी शर्ट, पाय अनवाणी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण तसं त्यांनीच सांगितलं. "एकट्याचं काम नाही हे, ताई. वनखातं आहे, गावातली पोरं आहेत."

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असं करत अकराच्या सुमारास आम्ही पोचलो होतो. रात्री परत घरी. एका दिवसात होणारी ही सहल आहे, फक्त संध्याकाळ किनाऱ्यासाठी राखून ठेवायला हवी. गावाविषयी नवं काय सांगणार? शके 982 चा ताम्रपट, रूपनारायणाचं देखणं शिल्प, 1997 मध्ये सुपारीच्या वाडीत सापडलेला सुवर्णगणेश, 2012 मधली, तोच गणेश लुटला गेला ती दरोड्याची रात्र, हे सगळं वाचकांना पाठ आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी आणि इथले उकडीचे मोदकही. आम्ही ज्या घरी जेवलो तिथल्या काकूंनी आईला आग्रहाने तिसरा मोदक वाढला आणि त्यावर तूप सोडता सोडता 3 जून 2020 ची दुपार सांगितली. निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ फळाला यायला सहासात वर्षं लागतात. नव्या झाडांना अजून सुपारी धरायची होती. सुरूचं बनही तेव्हाच विरळ झालं. पूर्वी किनाऱ्यावर उभं राहिलं की मागे गाव आहे हे कळत नसे. आता दिवे दिसतात. या दिव्यांकडे मला पुन्हा यायचं आहे.

जेवून आम्ही कुंपणापाशी परत आलो आणि पुढचे तीन तास तिथून हललो नाही.

कासवमित्रांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. मादी रात्री भरतीच्या पाण्यासोबत येते आणि वाळूवरून वर सरकते. तिचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. पहाटेच्या आत तो शोधायचा, कारण कोल्हा, रानडुक्कर आणि गावातली कुत्रीही तोच शोधत असतात. माग जिथे वळतो तिथे घरटं असतं, पण नेमकं कुठे ते मादी सांगून जात नाही. ती वाळू उडवून सगळी जागा सारखी करून टाकते. मग हे हातातली काठी वाळूत हलकेच टोचत जातात. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्यावर ती सहज आत जाते.

"तेवढ्यावर थांबायचं. जोर दिला तर अंडं फुटतं. आता काठी आत जायच्या आधीच हाताला समजतं," ते म्हणाले.

पुढचं काम हातांचं. वाळू उपसून एकेक अंडं काढायचं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पांढरं, कवच कातड्यासारखं मऊ. एका घरट्यात शंभर-सव्वाशे असतात. अंडं काढताना त्याची जी बाजू वर आहे तीच वर राहिली पाहिजे. घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाला धरतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की जीव गेला. म्हणून अंधारातच घाई करायची आणि त्या घाईत हात मात्र सावकाश चालवायचे. ते हे बोलत असताना मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. समोर अंडं नव्हतं, तरी बोटं वाटीसारखी झाली होती.

कुंपणात मादीने खणलेल्या खड्ड्यासारखाच खड्डा करायचा असतो. दीडेक फूट खोल, तोंड अरुंद, खाली पोट मोठं. आपल्या मडक्यासारखा. मूळ घरट्यातली थोडी वाळूही सोबत आणायची. मादी हे सगळं मागच्या दोन वल्ह्यांनी करते. एक वल्हं वाळू उचलतं तोवर दुसरं थांबतं, मग दुसरं उचलतं. शेवटी अंगाचा भार टाकून डावीकडे-उजवीकडे आपटत ती वाळू चोपून बसवते. "धप, धप असा आवाज येतो," ते म्हणाले आणि तळहाताने मांडी थोपटून दाखवली. "मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, लांब कुणीतरी जमीन चोपतंय."

त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. लेकरं सोडून जाताना आई रडते, असं किनाऱ्यावरच्या बायका सांगतात. खरं तर समुद्राच्या पाण्यातलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, आणि पाण्यातही टाकतच असते. कासवमित्रांना हे ठाऊक आहे, शिबिरात शिकवलेलं आहे. तरी ते म्हणाले, "पण ताई, रडताना पाहिलं की पोटात कालवतंच."

आई इतका वेळ गप्प होती. आता ती म्हणाली, "रडेल कशाला? ती काय सोडून जाते थोडीच. कासवी पिल्लांना नजरेने पोसते."

ही समजूत आपल्या घराघरांत आहे. ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी ही कासवी आपलीशी केली. ती पिल्लांना अंगावर पाजत नाही. ती एका तीरावर, पिल्लं दुसऱ्या तीरावर, आणि केवळ तिच्या पाहण्याने ती वाढतात. देवाने भक्ताकडे असं पाहावं, ही मागणी. देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे जातो. आईने ही प्रतिमा आयुष्यभर हरिपाठाबरोबर ऐकलेली. इथे खरोखरच्या कासवीच्या घरट्यापाशी उभी राहून आई तेच बोलत होती.

समुद्रातली कासवी मात्र मागे वळून पाहत नाही. अंडी घालून, वाळू सारखी करून तासाभरात ती पाण्यात परतते आणि पिल्लांशी तिची पुन्हा गाठ पडत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूची ऊब हीच त्यांची आई. ही ऊब नर की मादी तेही ठरवते. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. उन्हाळा वाढत चालला तसं हे गणितही डळमळू लागलं आहे. कुंपणावरची हिरवी जाळी त्यासाठीच.

केनियात नैरोबीला शेल्ड्रिक संस्थेचं पोरक्या हत्तींच्या पिल्लांचं घर आहे. तिथे राखणदार रात्री पिल्लांशेजारीच झोपतात आणि दर काही तासांनी त्यांना दुधाची बाटली देतात, कारण दुधाशिवाय हत्तीचं पिल्लू जगत नाही आणि सोबत नसेल तर खंगतं. पाहायला येणाऱ्यांना दिवसातून एकच तास आत सोडतात. दिवेआगरला येताना माझ्या मनात ते चित्र होतं. इथे पोरकं पिल्लू कुशीत घेता येत नाही, भरवता येत नाही, वाढताना पाहताही येत नाही. इथली माया म्हणजे जागरण. माणसाने अंड्यावरचा धोका तेवढा दूर करायचा आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. मला हे अधिक अवघड वाटतं.

या कामाची सुरुवात सावित्रीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला झाली. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला फेरीबोटीत बसलं की पलीकडे वेसवी, तिथून वेळास जवळच. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्र गरुडाची घरटी मोजत तिथे गेले आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी काढून खाणं-विकणं सर्रास चालत असे. ज्यांना घरटी शोधता येत होती त्यांनाच त्यांनी राखणदार केलं. ही युक्ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. काठी टोचण्याची विद्या जुनीच, ती आता वेगळ्या कामाला लागली. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पुढे रायगडात हरिहरेश्वर, मारळ आणि दिवेआगर इथेही कुंपणं उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा शहरातल्या अनेकांना हा किनारा पहिल्यांदा समजला.

कासवं जातात कुठे, हे आता थोडं कळू लागलं आहे. 2022 च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी तसंच यंत्र घेऊन गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. मादी जन्मल्या किनाऱ्यावरच परतते, असं आपण सांगत आलो. या एकीने दोन्ही किनारे आपले मानले.

आता ते दिवे. पिल्लू वाळूतून बाहेर आलं की उजेडाकडे चालतं. हजारो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ जागा म्हणजे समुद्राचं क्षितिज. आज सगळ्यात उजळ जागा हॉटेलांची गच्ची असते. शनिवार-रविवारी पुळणीवर गाड्या धावतात आणि त्यांच्या चाकांनी वाळू घट्ट होते. कासव पाहायला म्हणून आलेल्या माणसांच्याच मुक्कामासाठी हे दिवे लागले आहेत, हे मला फार लागलं. एका सहल कंपनीने आमच्या शेजारच्या कुटुंबाला हमखास पिल्लं दाखवण्याचं वचन दिलं होतं. सकाळी एकही निघालं नाही म्हणून ते कासवमित्रांवर रागावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटतं, गावाने संध्याकाळी सहानंतर समुद्राकडचे दिवे झाकायचं ठरवलं तर पैसा फारसा लागणार नाही. सुरूची रोपं पुन्हा लावायला थोडा लागेल. जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार 2018 पासून भरपाई देतं, जखमी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र चालतं. एवढं होऊ शकतं तर दिवे झाकणंही होईल.

सहाच्या सुमाराला कासवमित्रांनी टोपल्या उचलायला सुरुवात केली. पहिल्या दोन रिकाम्या. तिसरीखाली वाळू हलत होती. आधी एक नाक, मग एक वल्हं, मग एकमेकांच्या पाठीवर चढणारी काळपट पिल्लं. लांबी जेमतेम माझ्या अर्ध्या बोटाएवढी. मोजली तर 31 भरली. पाण्यापासून काही पावलं अलीकडे त्यांना ठेवलं, कारण हे अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. मोठी होऊन परत येणाऱ्या पिल्लांचं प्रमाण हजारात एक, असं मानतात. दोरीमागे दीडशे माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. आई गुडघे दुखत असूनही वाकून पाहत होती, डोळे मिटायला तयार नव्हती.

तीस गेली. एकतिसावं मागे राहिलं, थांबलं, आणि वळलं. मागच्या हॉटेलावरचा पांढरा दिवा नुकताच लागला होता. ते त्या दिशेने निघालं, चांगलं भराभर. कुणीतरी पुढे झालं तेव्हा कासवमित्रांनी हाताने थांबवलं. ते स्वतः चार पावलं मागे गेले, दिव्याच्या आड उभे राहिले आणि पाय फाकवून, शर्टाची दोन्ही टोकं हातांनी ताणून धरली. त्यांची सावली पिल्लावर पडली. पिल्लू थबकलं. पश्चिमेला अजून थोडी लाली होती. बऱ्याच वेळाने त्याने तिकडे तोंड केलं. लाट आली, ओली वाळू मागे राहिली, पिल्लू नव्हतं.

निघताना आईने त्यांच्या हातावर पर्समधली बत्तिशाची वडी ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावून खिशात टाकली आणि टोपली पुन्हा जागेवर पालथी घातली.

"आज भरती साडेअकराची आहे, मावशी," ते म्हणाले. "घरी जाऊन चार घास खाऊन येतो."