नामान आणि राजघाट

बायबलच्या जुन्या करारात नामान नावाच्या एका अरामी सेनापतीची कथा आहे. पराक्रमी पुरुष, राजाच्या खास मर्जीतला. परंतु अंगावर कोड. त्याच्या घरी लढाईत धरून आणलेली एक इस्राएली मुलगी दासी होती. शोमरोनातील संदेष्टा धन्याला बरे करील, असे तिने मालकिणीला सांगितले. सेनापती सोनेरुपे व लवाजमा घेऊन अलीशाच्या दारी गेला. अलीशा बाहेरही आला नाही. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, एवढाच निरोप त्याने धाडला. नामान संतापला. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असे म्हणून तो परत फिरला. त्याला वळवले ते त्याच्याच चाकरांनी. मग तो पाण्यात उतरला आणि बरा झाला.

आम्हा तापीकाठच्या माणसांना नामानाचा नदीचा अभिमान चटकन समजतो. कथेचे मर्म मात्र निराळे आहे. तीत शहाणपणाचा शब्द येतो तो दासीच्या आणि चाकरांच्या तोंडून. आणि त्या मुलीचे नावही ग्रंथकाराने नोंदवलेले नाही.

ही कथा आम्ही वाचली ती पंडिता रमाबाईंच्या मराठी भाषांतराच्या शोधात असताना. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्याच या रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि अन्नान्न झालेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांनीच भरले. (आपले बुऱ्हाणपूर तेव्हा याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते, हे येथील जुन्या घरांना ठाऊक असेलच.) पुढे रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अखेरची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने प्रौढ संस्कृतप्रचुर भाषा जाणूनबुजून दूर ठेवली. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. हे काम पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, आम्ही येथील मराठी मंडळींपुढे यावर व्याख्यान दिले. नामानाची कथा सांगितली. शलमोनाच्या नावे असलेल्या नीतिसूत्रांत कानउघाडणी सोसणाऱ्याला शहाणा का म्हटले आहे, हेही सांगितले. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत पहिले स्थान अमानित्वाचे, अशी जोडही दिली. लोकांनी वाखाणले. आम्हालाही ते आवडले, हे कबूल केले पाहिजे.

त्याच पावसाळ्यात शाळेत मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या बाई कार्यालयाच्या दाराशी आल्या. "मोठे गुरुजी, मधल्या सुटीत पोरं राजघाटाकडं जातात. पाणी चढतंय."

आम्ही कागदांत गढलेलो होतो. मान वर न करता हजेरीपट पुढे सरकवला आणि म्हणालो, "बाई, हे पाहा, सुटीनंतरची हजेरी पूर्ण आहे. तुम्ही चुलीकडे लक्ष द्या." त्यांना अक्षरओळख नाही, हे आम्हाला माहीत होते. हजेरीपट दाखवताना ते आठवले नाही, असे आम्ही म्हणू शकत नाही.

चौथ्या दिवशी सातवीतला एक मुलगा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला. जाळे सावरत असलेल्या एका कोळ्याने त्याला केसांना धरून ओढून काढले. मुलगा वाचला. त्याची आई शाळेत आली तेव्हा तिला बसायला खुर्ची देण्यापलीकडे आम्हाला काहीही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात गेलो. इतक्या वर्षांत तेथे फक्त तपासणीच्या वेळी गेलो होतो. आम्ही म्हणालो, "बाई, तुमचे ऐकायला हवे होते." त्यांनी वरणातला डाव काढून झाकणावर ठेवला, पदराने हात पुसले आणि एवढेच म्हणाल्या, "आज रात्री आणखी चढेल म्हणतात."

फाटकाची किल्ली आमच्या खिशात असे. ती आम्ही त्यांच्या हाती दिली.