सीताफळ आणि पाण्याचे रंग

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे जातांना पाली लागते. बिंदुसरेचें धरण, मागें बालाघाटाचे डोंगर, आणि भाद्रपद-आश्विनांत त्या डोंगरांतून टोपल्या भरभरून येणारीं सीताफळें, ही या बाजूची ओळख. बीडच्या सीताफळास 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. मीं मात्र हें फळ साठ वर्षें नुसतें खाल्लें. पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं. पाहण्याचा प्रसंग आला तो नातीच्या परीक्षेमुळें.

शासनाच्या रेखाकला परीक्षांपैकीं दुसरी, म्हणजे इंटरमीजिएट, तिला द्यावयाची होती. तींत स्थिरचित्राची एक प्रश्नपत्रिका असते. समोर मांडलेल्या वस्तु तीन तासांत काढून रंगवावयाच्या. ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास दहावीला ज्यादा गुण मिळतात, म्हणून घरांत तिला मान. एकटीला कंटाळा येतो म्हणून सोबतीस मीही कागद घेऊन बसलों. खिडकीशीं एक तांब्याचा तांब्या, दोन सीताफळें व जुन्या उपरण्याची घडी, असा मांड मांडला.

पहिलें चित्र पूर्ण बिघडलें. तांब्यावरील चकाकी दाखविण्यासाठीं मीं शेवटीं पांढरा रंग लावला, तो खडूच्या डागासारखा दिसूं लागला. नात म्हणाली, "आजोबा, पांढरं लावायचं नसतं, ठेवायचं असतं." या एका वाक्यांत जलरंगाचें सारें शास्त्र आहे. या रंगाची पूड डिंकांत घोटलेली असते. पाण्यानें ती इतकी विरळ होते कीं, उजेड त्या पातळ थरांतून जाऊन कागदावर आपटतो व परत डोळ्यांत येतो. अर्थात् चित्रांतला उजेड हा कागदाचा उजेड. तैलरंगांत काळोखावर उजेड चढवितां येतो. येथें एकदां झांकला कीं गेला. म्हणून कुंचला भिजविण्यापूर्वींच कोठें कागद कोरा सोडावयाचा हें ठरवावें लागतें, आणि मग फिक्याकडून गडदाकडे जावयाचें. पुढें मिळविण्यापेक्षां आधीं राखण्याची ही रीति, आयुष्यभर खोडरबर वापरलेल्या मास्तरास जड गेली.

दुसरी अडचण आमच्या मुलखाची. मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत रंगाचा ओघ कागदाच्या खालच्या टोकास पोहोंचण्यापूर्वींच वरचा वाळतो व कडेला रेघ उमटते. ज्यांस करून पाहावयाचें असेल त्यांनीं जाड कागद घ्यावा, दोन्ही बाजूंनीं भिजवून फळीवर कडा चिकटवाव्या, फळी किंचित् उतरती धरावी आणि उन्हें चढण्यापूर्वीं बसावें. कागद ओला असतां दिलेला रंग आपोआप पसरून मऊ होतो, वाळल्यावर दिलेला धारदार राहतो. मऊ कोठें व धारदार कोठें, एवढेंच मग आपल्या हातीं.

आतां सीताफळ. प्रथम मीं त्याचे डोळे मोजून काढले. प्रत्येक डोळा बरोबर, आणि फळ मात्र थापलेल्या भाकरीसारखें चपटें! चूक अशी कीं, आधीं एक गोल घडावयास हवा: एका बाजूस उजेड, दुसरीस सांवली. मग उजेड जेथें सांवलीकडे वळतो त्या पट्ट्यांत थोडे डोळे स्पष्ट काढावे. बाकीचे पाहणारा मनानें काढतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत, जो सखल व उंच यांचा भेद दाखवूं शकतो त्यासच चित्र जाणणारा म्हटलें आहे. तें मीं वर्षांनुवर्षें वाचलें होतें. अर्थ सीताफळानें सांगितला. वर्णिकाभंग हें चित्राचें सहावें अंग, त्याचेंही तसेंच. नळींतला हिरवा जशाचा तसा लावला कीं फळ प्लॅस्टिकचें वाटतें; पिवळा व निळा मिसळून त्यांत तांबड्याचा कण टाकला म्हणजे तें डोंगरावरचें होतें.

जलरंगांत आपल्याकडे थोर हात होऊन गेले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीं कोटितीर्थाचें पाणी रंगविलें. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचें हातीं दीप घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. दिव्याचा तो प्रकाश जलरंगांतला आहे हें कळल्यावर माझ्या तांब्याची मला लाजच वाटली.

तिसऱ्या दिवशीं घोटाळा झाला. फळांनीं डोळे उघडले! खांचा रुंदावल्या, त्यांत पिवळट गुलाबी झांक आली, एक फळ बुडाशीं उललें. माझ्या चित्रांत आकार मंगळवारचा व रंग गुरुवारचा. फ्रेंच लोक या चित्रप्रकारास "मृत निसर्ग" म्हणतात. त्यांस पाडाचें सीताफळ मिळालें नसावें. नातीनें शांतपणें दुसरा कागद घेतला व उललेलें फळच काढलें. तें परीक्षेच्या उपयोगाचें नव्हतें, पण मी तें पुष्कळ वेळ पाहत राहिलों.

परीक्षा झाली. चिरंजीव म्हणाले, आतां रंगपेटी माळ्यावर टाकावी. पुढील वर्ष दहावीचें. बोलणें अवाजवी नव्हतें. तेव्हां मीं त्यांस एक गोष्ट सांगितली. शाळेंत असतांना चित्रकलेचा तास मी हक्कानें मागून घेत असें व त्यांत संधि-समास पुरे करीत असें. पालक आभार मानीत. एक मुलगा वहीच्या मागील पानावर बैल काढी. ती वही मीं दोनदां जप्त केली. त्याचे बैल चांगले होते कीं वाईट, हें मला आज सांगतां येत नाहीं, कारण मीं ते पाहिलेच नाहींत.

चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, आमच्या वर्गाचाही तो तास तुम्हीच घेत होतां."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. सूनबाईंनीं रंगपेटी उचलून देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेवली. रविवारीं सकाळचे दोन तास चित्राचे, असें न बोलतां ठरलें.

सीताफळांचा हंगाम आतां सरला. खिडकीशीं पितळेचा डबा व दोन वांगीं मांडलीं आहेत. वांग्याचा काळेपणा काळ्या रंगानें येत नाहीं, एवढें आम्हां दोघांस कळलें आहे. जांभळा, निळा व थोडा तांबडा यांचें प्रमाण मात्र अजून साधत नाहीं.