येरळाकाठची पक्षीवही

महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव-माणमध्ये, पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. घाटाने ढग अडवले की पुढे उरतो तो माळ: कुसळी गवत, ज्वारी, बाभळी आणि मेंढ्यांचे कळप. थंडी पडू लागली की आम्ही पक्षी पाहणारी माणसं हिरव्या घाटाकडे पाठ फिरवून याच कोरड्या मुलखाची वाट धरतो. सातारकर पुसेगाव-वडूजवरून येतात, कराडचे पुसेसावळीवरून, सांगलीचे विट्यावरून. सगळ्यांची गाठ पडते ती मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडीच्या पाण्यावर.

हे तलाव एकाच खोऱ्यातले. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, नेरच्या जुन्या तलावावरून वडूजकडे येते, येरळवाडीच्या धरणात थांबते आणि पुढे सांगली जिल्ह्यात उतरून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. मायणीचा तलाव चांद नदीवरचा, ब्रिटिश काळात बांधलेला. नकाशावर दोन जिल्ह्यांमधून रेघ गेली असली तरी पक्ष्यांना ती ठाऊक नाही. येरळेचा काठ धरून हिंडणाऱ्या माणसालाही ती फारशी जाणवत नाही.

येरळवाडीला पोचायचं ते उजाडण्यापूर्वी. पूर्वेच्या काठाला उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं आणि पाण्यावरचे रंग खरे दिसतात. उशिरा आलात तर पट्टकादंबांचं येणं हुकतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखी हंस रात्री हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरतात आणि सकाळी ओरडत पाण्यावर परततात. त्यांची घरटी तिबेटच्या पठारावर, मंगोलियात आणि मध्य आशियातल्या सरोवरांकाठी. हिवाळ्यासाठी ते हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात त्यांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. एवढ्या विरळ हवेतही त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. असा पाहुणा खटावच्या हरभऱ्यावर उतरतो हे दरवर्षी पाहूनही मला पुरत नाही.

त्यांच्या आगेमागे चक्रवाकाच्या केशरी जोड्या असतात. थापट्या पसरट चोचीने पाणी चाळत गोल फिरतात. तलवार बदकं आणि भुवई बदकं थव्याने येतात, काळे वारकरी शेवाळात डुबक्या मारतात. काठाच्या चिखलात शेकाट्या आणि तुतवार, थोडं आत चमचा आणि चित्रबलाक. मागच्या माळावर भोवत्या गवताला टेकल्यासारखा उडतो आणि बारकाईने पाहिलं तर धाविक पळताना दिसतो. नवख्यांना मी नेहमी सांगतो, पाण्यावर एक तास घालवलात तर माळासाठीही एक तास ठेवा.

बहुतेक लोक मात्र येतात ते रोहितांसाठी. गावोगावी त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, कुणी अग्निपंख म्हणतात. गुलाबी पंखांचे मोठे पक्षी सगळ्यांच्या नजरेत भरतात. त्यांच्यातले मळकट राखी दिसतात ते अजून लहान, अन्नातल्या रंगद्रव्यांनी गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि चोचीतल्या चाळणीतून चिखलपाणी गाळून शेवाळ, कीटकांच्या अळ्या, बारीक जीव टिपतो. त्यासाठी त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. हिवाळ्याच्या उत्तरार्धात पाणी उतरू लागलं, चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले की तो येतो. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर वरून फेरी मारून निघूनही जातो.

मायणीचं दुखणं आणि मोठेपण दोन्ही इथेच आहे. दीडेक शतकाच्या गाळाने तलाव उथळ झाला, काठाने बाभळी माजल्या आणि दुष्काळी वर्षांत तो पार आटतो. एकेकाळी रोहित म्हटलं की मायणी, असं समीकरण होतं. पुढे मायणी रिकामी पडू लागली आणि वर्तमानपत्रांतून 'पाहुण्यांनी पाठ फिरवली' अशा बातम्या येऊ लागल्या. पण त्याच दिवसांत कुणीतरी येरळवाडीच्या फुगवट्यावर रोहित पाहिलेले असत, कुणी सूर्याचीवाडीत. एकट्या माणसाची वही मायणीपुरती खरीच होती. मात्र चार वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा पक्षी हा मुलूख सोडून गेलेले नाहीत, पाण्याच्या उंचीप्रमाणे या तलावावरून त्या तलावावर जात आहेत, हे दिसू लागलं. आमच्या भटकंतीतली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने साधारण ८६७ हेक्टरचं मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. ते एका तलावापुरतं न ठेवता परिसरातल्या तलावांचा समूह धरून केलं, हे अत्यंत योग्य झालं. लोकांच्या तोंडी इथे 'अभयारण्य' हाच शब्द आहे. पण संवर्धन राखीव हा कायद्यातला वेगळा प्रकार. जमीन सरकारी, जाहीर करण्यापूर्वी स्थानिकांशी सल्लामसलत, आणि व्यवस्थापनाला सल्ला देणाऱ्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी. ज्या तलावावर मासेमार जाळी टाकतात, शेतकरी मोटारी लावतात, गुराखी गुरं पाण्यावर आणतात, तिथे या लोकांना बाहेर ठेवून काही टिकणार नाही. पक्षी कालपर्यंत कुठल्या अंगाला होते, हे काठावरच्या मासेमाराइतकं नेमकं कुणी सांगत नाही. त्याला विचारल्याशिवाय मी दुर्बीण काढत नाही.

दहाच्या सुमारास ऊन चढलं, पाण्यावर झळा दिसू लागल्या की पाहणं संपतं. मग मायणीत चहा, मिसळ आणि खरा कार्यक्रम. प्रत्येक जण आपापली यादी वाचतो. 'तो हिरवा तुतवार नव्हता, ठिपकेवाला होता, पाय पिवळे होते' यावरून अर्धा तास जातो, फोटो मोठे करून पाहिले जातात. शेवटी सर्वांची मिळून एक यादी होते. ती व्हॉट्सअॅपवर जाते, हल्ली ई-बर्डवरही चढते. अशा यादीत आकडे हवेतच, 'खूप बदकं' लिहून भागत नाही. तलावावर जाऊन काहीच दिसलं नाही तर तेही लिहायला हवं. कुणी शून्य लिहायला तयार नसतो, आणि तेच आपल्या नोंदींतलं मोठं भगदाड आहे.

दिसलेलं सगळं सगळ्यांना लगेच सांगावं, असं मात्र नाही. माळावर उघड्या जमिनीत अंडी घालणारी टिटवी, धाविक, पखुर्डी यांच्या घरट्याची जागा गटावर टाकली की दुसऱ्या दिवशी गाड्या येतात. चित्रासाठी थवा उठवणारेही असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवणं म्हणजे त्याने कष्टाने साठवलेली चरबी फुकट जाळायला लावणं. जुन्या गटांत यासाठी साधा नियम आहे: घरटं पाहिलं तर तालुक्याचं नाव सांगायचं, बांधाचं नाही.

नोंदीची किंमत काय, हे याच जिल्ह्याने दाखवलं आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक गेल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे वाढले आणि त्यांच्या वागण्यातही फरक पडला. पठारावरून नुसती नजर फिरवणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं, ते उघड झालं काटेकोर मोजणीतून. आणखी मागे जायचं तर १८७६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव भागातल्या पक्ष्यांची यादी छापली. आज महाबळेश्वराच्या जंगलात काय उरलं हे तपासायला ती उपयोगी पडते.

येरळेबरोबर खाली सांगलीकडे गेलं की चित्र बदलतं. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या दुष्काळी गावकऱ्यांनी १९८०च्या दशकात याच नदीवर बळीराजा धरणाची उभारणी सुरू केली. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा करायचा आणि भूमिहीनांसह सर्वांना पाण्यात वाटा द्यायचा, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे वाळूचा बेसुमार उपसा वाढला तो मात्र ठेकेदारीचा. नदी सुरयासारखे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, वाळू गेली की त्यांची जागाच जाते. पलूस तालुक्यात आमणापूर-भिलवडीच्या काठाला कृष्णेवर अजून कवड्या खंड्या पाण्यावर थरथरत थांबतो, धोबी शेपटी हलवत फिरतात. उन्हाला पडलेल्या मगरीपासून अंतर राखून हे पाहायचं असतं. पक्षी डोळ्यांइतकाच कानांनी ओळखायचा असतो हे सांगलीकरांना शिकवलं शरद आपटे यांनी. पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचं त्यांचं काम महाराष्ट्रभर माहीत आहे. उसाच्या दाटीत, जिथे पक्षी दिसतच नाही, तिथे हा कान फार उपयोगी पडतो.

या मुलखापुढचा प्रश्न आता नवा आहे. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांमुळे खटाव-माणला बाहेरून पाणी मिळू लागलं आहे. ज्या बाईने उन्हाळाभर टँकरची वाट पाहिली, तिला तलाव पक्ष्यांसाठी उथळ ठेवा असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पाणी आलंच पाहिजे. गाळ काढून शेतात टाकला तर शेतकऱ्याचा फायदाच आहे. पण सगळे तलाव एकाच वेळी काठोकाठ भरले आणि सर्वच काठ खोल खणले, तर रोहिताला, तुतवाराला उभं राहायला जागा उरणार नाही. समूहातल्या एखाद्या तलावाचा एक काठ उताराचा ठेवणं, जानेवारी ते मार्च तिथली पातळी थोडी खाली ठेवणं, हे शेतकऱ्याचं नुकसान न करता जमण्यासारखं आहे. त्यासाठी वनखाते, पाटबंधारे खाते आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे ठेवायला आकडे हवेत: कोणत्या तलावावर किती पाणी असताना कोणते पक्षी किती होते. ते आकडे आपल्याजवळ आहेत, पण विखुरलेले.

यंदा जायचं असेल तर मुहूर्त दोन आहेत. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तेव्हा बदकं नुकती पोचू लागलेली असतात. दुसरा मुहूर्त जानेवारीतला, आशियाई पाणपक्षी गणनेचा. साताऱ्याहून मायणी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, विट्याहून वीस-पंचवीस. मळकट रंगाचे कपडे, पाणी, टोपी, दुर्बीण. आणि वहीत पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी एक रकाना पाण्यासाठी ठेवा: भिंतीपाशी पाणी कुठवर आहे, चिखल किती उघडा आहे, मोटारी किती चालू आहेत. मग पुढच्या तलावावर जा आणि तिथेही हेच लिहा.